एक घास जास्त

दशरथने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. त्याच्या बायकोने, शुभदाने, एका घासालाही हात लावला नव्हता. तो रागावला नाही, विनवणीही केली नाही.

शेजारची हंसाबेन दारातून बघत होती. "दशरथभाई, बीमार औरत के सामने से थाली उठाते हो? पाप लगेगा."

"हॉस्पिटलवालों ने बोला है," दशरथ म्हणाला.

सांगितलं होतं स्टेफनीने. ती उत्तनच्या कोळीवाड्यातली, मानसशास्त्र शिकलेली. कॅन्सरच्या पेशंटांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे हॉस्पिटलातलं तिचं काम.

"काका, काकू जेवल्या नाहीत की तुम्ही काय करता?" तिने विचारलं होतं.

"जवळ बसतो. हातापाया पडतो."

"आणि जेवल्या की?"

"पेपर वाचतो."

"म्हणजे न जेवण्याचं बक्षीस मिळतंय. उलटं करा. घास घेतला की जवळ बसा, गप्पा मारा. नाही घेतला की मुकाट ताट उचला. माणसाच्या मनात काय आहे ते शोधत बसू नका. तो करतो काय ते बघा आणि बरोबर केलं की लगेच बक्षीस. एकदम मोठी अपेक्षा नको. आज एक घास, मग दोन."

वजन असंच उतरत राहिलं तर पुढची इंजेक्शनं देता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे दशरथने ऑफिसातून रजा घेतली आणि पद्धत घट्ट धरली.

पण शुभदा हंसाबेनची खिचडी खाईना. खानावळीचा डबा तर उघडूही देईना. लग्नापासून दशरथने कधी चहासुद्धा केला नव्हता. शेवटी त्यानेच वरणभात लावला. भाताचा गोळा झाला, वरणाचं पाणी. शुभदाने त्यातला एक घास खाल्ला.

दशरथने लगेच खुर्ची ओढली आणि ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवली. ती हसली. संध्याकाळी त्याने पीसीओवरून स्टेफनीला फोन केला. "लागू पडली तुझी पद्धत."

"छान चाललंय काका. बदलू नका काही."

तिसऱ्यांदा तेच वरण केलं तेव्हा मात्र शुभदाने तोंड मिटलं. दशरथने ताट उचललं. तिला नवीन काहीतरी हवं होतं, हे त्याने ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्याने मेथी केली. ती दोन घास जेवली.

मग तिची खुर्ची ओट्याजवळ आली. "अहो, मोहरी तडतडू द्या की आधी," एवढंच ती म्हणायची. पूर्वी पलंगावर ओला टॉवेल टाकला तरी तासभर ऐकून घ्यावं लागे. आता भाकरी करपली तरी बोलणं नाही. फक्त तोंड मिटायचं. भाकरी फुगली की एक घास जास्त.

एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं. शुभदाने वाटी संपवली. दशरथ स्वतः जेवायला बसला तेव्हा त्याला कळलं.

"बोलली का नाहीस?"

"वाढण्याआधी तुम्ही चाखत जा," ती म्हणाली. "माझ्या जिभेवर विसंबू नका."

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात कोळीण त्याला ओळखू लागली. "भाऊ, बायको कुठं हाय? रोज तुम्हीच?"

"घरी आहे. तिला जेवायला घालतोय," दशरथ ताठ मानेने म्हणायचा. शेवटी शेवटी तो बोंबील करायला शिकला. वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग रव्यात घोळवायचे. शुभदाने अर्धा बोंबील खाल्ला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "झालं."

त्यानंतर आठवड्याभरात ती गेली.

दिवसपाणी उरकल्यावर दशरथ डबा घेऊन हॉस्पिटलात गेला. उत्तनच्या मुलीला बोंबील खाऊ घालायचे म्हणजे परीक्षाच. स्टेफनीने एक खाल्ला. मग दुसरा घेतला.

"कुणी केले?"

"मी. आता सगळं येतं मला," दशरथ म्हणाला. "ती गेली, पण उपाशी गेली नाही. शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवली. तुझी पद्धत मी एक दिवस मोडली नाही."

स्टेफनीने हात पुसले. डब्याचं झाकण लावायला तिला वेळ लागला.

"काका, त्यांच्या तोंडाची चव पहिल्या इंजेक्शनालाच गेली होती. घास गिळताना दुखायचं."

"मग जेवायची कशी?"

"पद्धत मी तुमच्याआधी काकूंना शिकवली होती. चहासुद्धा न येणाऱ्या नवऱ्याला स्वयंपाक कसा शिकवायचा, हे विचारायला त्या आल्या होत्या."