फूरी पिवळी

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेच्या झुलुलँडमधील एशोवे गावच्या सभागृहात, क्लिविया या फुलझाडांच्या वार्षिक प्रदर्शनाचा निकाल जाहीर होण्यापूर्वीच डिर्क फूरीने मेजावर मूठ आपटली.

"ही कुंडी चोरीची आहे! माझ्या घरातून गेलेली!"

कुंडी नोकुतुला शांगेची होती. बसआगारात गाड्यांची वेळापत्रके सांभाळणारी ही बाई प्रदर्शनात प्रथमच उतरली होती, आणि तिच्या क्लिवियाची फुले फिकट पिवळी, घशाशी हिरवट होती. केशरी फुलांच्या त्या रांगांत तसे झाड आणखी एकच होते, डिर्कचे. ते त्याच्या वडिलांना जंगलात सापडले होते. 'फूरी पिवळी' या नावाने त्यांनी ते प्रसिद्धीस आणले, पण त्याच्या बुंध्याशी फुटणारे पिल्लू, म्हणजे नवे रोप, आयुष्यात कोणाला दिले नाही. मुलाने तोच नेम पाळला. हिवाळ्यात पाणी तोडावे, म्हणजे फुलांचा दांडा पानांत अडकून राहत नाही. कुंडीची दिशा कधी बदलू नये, म्हणजे पाने दोन्ही अंगांना पंख्यासारखी उघडतात. दुपारच्या उन्हाचा स्पर्शही होऊ देऊ नये. वडिलांचे हे सारे शब्द डिर्क अक्षरशः आचरत आला होता.

"तुझी मावशी आमच्याकडे धुणं धुवायला होती ना?" त्याने विचारले.

"होती. तुमच्या बाबांचे सदरे पिळायची. कुंड्या नव्हती पिळत."

मागे कोणीतरी फिसकन हसले. डिर्कचे कान लाल झाले.

"मग हे आणलंस कुठून?"

"आजीकडून. तिच्या घरामागे ओढ्याच्या सावलीत होतं. बाळंतिणींना याचंच औषध द्यायची ती."

"आजी! प्रत्येक वेळी एक आजी निघते, आणि ती नेमकी वारलेली असते!"

"तोंड सांभाळा, फूरीसाहेब." नोकुतुलाचा आवाज चढला नाही, तिने खांद्यावरची पिशवी तेवढी खाली ठेवली. "मला चोर म्हणालात, मी ऐकून घेतलं. आजीचं नाव घेऊ नका."

परीक्षक रंगसामी दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. नियम स्पष्ट होता. झाड चोरीचे ठरले तर आणणारा कायमचा बाद, आणि झाड मूळ धन्याच्या हवाली.

"बाई, झाड कुंडीबाहेर काढावं लागेल. पिल्लू तुटल्याची खूण बुंध्यावर राहते; ती बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"एवढी फुलं असताना?" तिने कुंडी पुढे सरकवली. "काढा."

"माझंही काढा!" डिर्क ओरडला.

"तुमचं कशाला? ऐन बहरात मुळं दुखावतील."

"दुखावू देत! शेजारी शेजारी ठेवा. सगळ्या गावाला दिसू दे!"

"फूरी, ऐका माझं. गरज नाही."

"गरज मी ठरवीन! का, तुम्हालाही त्या आजीनं औषध दिलं होतं?"

आणि त्याने स्वतःच कुंडी उलटी केली. वडिलांच्या मृत्यूनंतर त्या मुळांना प्रथमच उजेड लागला.

दोन्ही झाडे वर्तमानपत्रावर आडवी झाली. रंगसामींनी माती झटकली, पाण्याने बुंधे धुतले, गळून गेलेल्या पानांच्या कड्यांवरून आणि जुन्या व्रणांवरून अंगठा फिरवला. मग एका झाडाचा तळ त्यांनी दुसऱ्याच्या कुशीला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला.

"बोला की!" डिर्क गरजला. "एकच झाड आहे की नाही?"

"एकच आहे."

डिर्क लोकांकडे वळला. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? हाकला हिला बाहेर!"

"फूरी, इकडे बघा." रंगसामींनी हात पुसले. "बाईंचं झाड आई आहे, तुमचं तिचं पिल्लू. आणि ते कोणी सुरीनं कापून दिलेलं नाही, ओरबाडून नेलेलं आहे."