विहीणबाईंचा डबा

"व्याहीबुवा, तुम्ही अंजीर पाठवले होते की आमची चेष्टा केली होती?"

फोनवरचा विहीणबाईंचा आवाज ऐकून दत्तोबा बागेतच थबकले. लेकीच्या सासरी पहिल्या बहराचे अंजीर पाठवायचे, तर प्लास्टिक नको म्हणून त्यांनी कागदाच्या लगद्याचा डबा मोठ्या हौसेनं स्वतः थापला होता. लगद्यात मेथीचे दाणेही कालवले होते. फळं खाऊन डबा कुंडीत पुरला की मेथी उगवणार! हे कुणाला सांगायचं मात्र राहूनच गेलं.

विहीणबाईंनी अंजीर रविवारच्या पाहुण्यांसाठी राखून डबा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. "आज पाहुण्यांसमोर फडकं सोडलं, तर डब्याला ही हिरवी दाढी! आमचे हे केवढ्यानं दचकले!"

दत्तोबांच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नातल्या विड्यात चुना कमी पडला होता, तो या बाई अजून विसरल्या नव्हत्या.

"चुकलंच आमचं," ते पुटपुटले.

"चुकलं कसलं? इतकी कोवळी मेथी जन्मात पाहिली नव्हती. तशीच खुडून झुणक्यात घातली. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला! पुढच्या वेळी दोन डबे पाठवा."

दत्तोबांची छाती फुगली. सगळी उमर ज्या फळामागे घातली, त्याचंही कौतुक कानावर पडावं म्हणून त्यांनी हळूच विचारलं, "आणि अंजीर कसे लागले?"

"चांगले लागू पडले की! आत कुजून त्यांचं खत झालं, म्हणून तर मेथी एवढी तरारली."