मळ्यातली खोली

२०२० सालच्या मार्चमध्ये जीवन घरी आला तो हातावर जांभळा शिक्का घेऊन.

तो प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. त्या जहाजाला एकही बंदर थारा देईना. किनारा दिसत असून माणसं पाण्यावरच ताटकळली. शेवटी एका बंदराने दार उघडलं आणि खलाशांना विमानाने आपापल्या देशी धाडलं. मुंबईच्या विमानतळावर कपाळासमोर बंदुकीसारखं यंत्र धरून ताप मोजला, आणि मतदानाच्या शाईने मनगटाजवळ शिक्का उठवला. घरीच वेगळं राहायचं, कुणात मिसळायचं नाही.

भातकुलीजवळच्या त्याच्या गावात शिक्क्याची बातमी त्याच्याआधी पोचली होती.

रुख्मिणी, त्याची आई, फाट्यावर उभी होती. नुकतीच ती अकोल्याहून परतली होती. जठारपेठेत तिच्या लेकीच्या, वर्षालीच्या दिराचं लग्न झालं. मांडवातली सगळी फुलं रुख्मिणीच्या मळ्यातली. पुण्यामुंबईची पाहुणेमंडळी, गळाभेटी, पंगतीवर पंगती. त्या दगदगीने तिचं अंग अजून ठणकत होतं.

"आई, तिथंच थांब," जीवन दुरूनच बोलला. "मी मळ्यातल्या खोलीत राहतो. बाबाजवळ येत नाही."

"दोन वर्सांनी आला, अन् मायले तोंडही जवळून दाखवत नाही?"

"बाबाचा दमा इसरली का तू?"

ती विसरली नव्हती. तिला भीती होती ती त्याचीच. नवऱ्याची, जानरावांची छाती भात्यासारखी वाजायची. गावची आशा सेविका दीक्षा सांगून गेली होती, "मावशी, काकांले हा रोग लागला तर मंग कोनाच्या हातात काही राहणार नाही. पोराचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं, मागं फिरायचं, हात साबणानं धुवायचे. तो खोकलला का मले फोन करा."

रुख्मिणीने शब्दही खाली पडू दिला नाही. जीवनचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. साबणाने हातांची सालं निघाली. मग घरी येऊन ती जानरावांची छाती चोळायची, आणि त्यांचा चहा नेहमीसारखा आधी स्वतः घोटभर पिऊन, कोमट झाला की त्यांच्या ओठाला लावायची.

तिची आजी प्लेगची गोष्ट सांगायची. गाव ओस, माणसं शेतात झोपड्या घालून राहिलेली, आणि शेजारच्या झोपडीतून कण्हणं आलं की आपलं दार लावून घ्यायचं. लहानपणी ती गोष्ट ऐकून रुख्मिणी गोधडीत शिरायची. आता शिरायला गोधडीही नव्हती. रस्ते तसेच ओस झाले होते.

नाल्यापलीकडची शकुन तिथूनच ओरडायची, "वहिनी, समुद्रावर होता तर तिथंच मासोळ्यांले देऊन यायचा ना रोग! आमच्यासाठी काहून आणला?"

"तुह्या जिभेले हाड नाही व शकुन," रुख्मिणी म्हणायची आणि भरभर पावलं उचलायची.

एका दुपारी खोलीतून आवाज आला, "आई, भाजीत मीठ दोनदा टाकलं का? तोंडात घालवत नाही."

"चित्त ठिकाणावर नाही रे बाप्पा."

खरंच नव्हतं. मोगऱ्याचा पहिला तोडा आला होता. दर वर्षी पहिली ओंजळ नाकाशी नेली की ती डोळे मिटून उभी राहायची. यंदा ओंजळ नेली आणि काहीच नाही. फुलंसुद्धा भ्याली, तिला वाटलं.

मग तिने शनिवारी तिन्हीसांजेला जीवनची नजर काढायची ठरवली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. तो खिडकीच्या गजांआड उभा राहिला आणि तिने बाहेरूनच मूठ ओवाळली. मूठ विस्तवावर टाकली. वास नाकाला झोंबला तर नजर नव्हती. मिरच्या जळून वासच आला नाही तर नजर जबर होती, ती जळून गेली. आईकडून, आजीकडून हेच चालत आलं होतं.

मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. रुख्मिणीने वाकून श्वास ओढला. काही नाही.

"पाह्य, वासच नाही!" तिचा जीव भांड्यात पडला. "केवढी नजर होती रे लेकरा!"

आणि त्याच क्षणी खिडकीआड जीवन खोकलला. एकदा नाही, सारखा, भिंतीला धरून.

"धुरानं हाय व, आई," तो कसाबसा म्हणाला.

कशाचा धूर, तिने मनात म्हटलं. आपल्या जिवाला घोर नको म्हणून लेकरू खोटं बोलून राहिलं. तिने दीक्षाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पांढरे झगे घातलेली माणसं जीवनला अमरावतीला घेऊन गेली. गाव दारं लावून फटींतून बघत होतं. तो गेला आणि पाठोपाठ जानरावांना धाप लागली.

जानराव दवाखान्यातून परत आले नाहीत. तोंडही बघायला मिळालं नाही. रुख्मिणीच्या तपासणीत रोग निघाला. पोराची ताटं धुवायची ना ती, सगळे म्हणाले. जीवनच्या तपासणीत काहीच निघालं नाही. तोवर रोग अंगातून निघून गेला असेल, सगळे म्हणाले. अकोल्यात त्याच सुमारास वर्षालीच्या सासूबाई तापाने गेल्या, पण तेव्हा कुणाचं कुणाला लक्ष नव्हतं. दीक्षा आता तिवस्याला राहते. जीवन जहाजावर गेला तो परत घरी आलेला नाही. फोन करतो तेव्हा शेवटी एकच म्हणतो, "बाबाले मीच नेलं, आई." रुख्मिणी त्याला कधी नाही म्हणाली नाही.

यंदा उन्हाळ्यात शकुन तिच्या अंगणात तिखट कुटायला आली होती. पहिलाच घाव पडला आणि दोघी शिंकून बेजार झाल्या.

"हे तं काहीच नाही, वहिनी," शकुन पदराने डोळे पुसत हसली. "तुमी जीवनची नजर काढली होती ना, त्या सांजेले नाल्यापलीकडं असा ठसका आला होता, का आमच्या घरातलं लेकरू न् लेकरू खोकलून राह्यलं होतं."