पहिल्याच किल्लीला

वडिलांची जुनी गाडी धक्का मारल्याशिवाय कधी हलली नव्हती, आणि धक्का मारायला सगळं घर लागायचं. वडील गेल्यावर त्याने ती दारातच खोलायला घेतली. ऑफिसात साधा स्टेपलर अडकला तरी शिपायाला हाक मारणारा हा माणूस चार वर्षं दर रविवारी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असे. इंजिन त्याने तीनदा उतरवलं आणि तीनदा चढवलं. दर वेळी दोन-चार नट उरायचे, ते तो बायकोची नजर चुकवून खिशात टाकायचा. गाडी नुसत्या किल्लीवर सुरू करून दाखवायची, एवढीच त्याची जिद्द होती.

अखेर एका रविवारी नवी बॅटरी, नवा स्टार्टर बसला. आरसा तेवढा राहिला होता. "या सगळ्याजणी, गाडी सुरू करतोय," अशी घरात हाक देऊन तो ऐटीत स्टिअरिंगमागे बसला आणि सगळ्या जमल्याची चाहूल लागताच त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून, कौतुक ऐकायला तो फाटकाशी परत आला.

आई, आत्या आणि बायको पदर खोचून, घाम पुसत रस्त्यातच उभ्या होत्या.

"उगाच चार वर्षं खोलत बसलास," आई धापा टाकत म्हणाली. "आमचा हात लागला, तशी लगेच सुरू झाली की नाही?"