सहावीचा पेपर

परीक्षा संपल्याची घंटा झाली आणि फाटकाबाहेर उभे असलेले पालक पुढे सरकले. त्यांत श्रीरंगही होता. त्याची शर्वाणी तिसरीत होती, पण हुशार मुलांच्या निवड परीक्षेसाठी तो वर्षभर तिच्याकडून सहावीची गणितं करून घेत होता.

ती सगळ्यांच्या मागून, पॅड पोटाशी धरून, भिंतीच्या कडेनं आली. फ्रॉक ओला होता. पाण्याची बाटली सांडली असेल, असं त्याला वाटलं. जवळ येताच वास आला.

“अगं, बाईंना सांगून जायचंस ना!”

“तूच म्हणालास ना, एक मिनिटसुद्धा वाया घालवायचं नाही. पण बाबा, सगळा पेपर सोडवला. मागची मुलं हसत होती, तरी मी वळून नाही बघितलं.”

श्रीरंगनं अंगातला शर्ट काढून तिच्या कमरेला गुंडाळला आणि तिला उचलून घेतलं. तोंडात आलेली शाबासकी त्यानं गिळली. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्याच्या खांद्यात तोंड लपवून तिनं विचारलं, “आता मी नुसती तिसरीत असले तर चालेल?”

“हो,” तो म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता.