तळाच्या पेशी

“एचआयव्हीचं हे एक प्रथिन मोडलं की नवे विषाणू तयारच होत नाहीत. सात वर्षांपूर्वी छापलंय मी! तू मला अक्कल शिकवणार?” खासनीस सर अख्ख्या प्रयोगशाळेसमोर कडाडले.

अश्लेषाने मान खाली घातली नाही. मागे एकदा तिने हीच शंका काढली, तेव्हा सरांनी तिला तीन महिने कचऱ्याच्या कामाला जुंपलं होतं. पीएचडी करायला आलेली मुलगी वापरलेल्या नळ्या गोळा करत बसली. इथली रीतच तशी होती. नळीतलं वरचं द्रावण मोजायचं आणि तळाला बसलेल्या पेशी टाकून द्यायच्या.

तिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो सरांपुढे आपटला. गुळाच्या ढेपेला मुंगळे डसावेत तसे विषाणू पेशीच्या कडेला चिकटले होते.

“तयार होतात, सर. फक्त पेशीपासून सुटत नाहीत. तुमच्या द्रावणात ते दिसणार कसे?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो बदलला नाही.

“या पेशी तुला कुणी दिल्या?” त्यांचा आवाज बसला होता.

“कचऱ्यात मिळाल्या. ते काम तुम्हीच दिलं होतंत ना?”