जुन्या ट्वीटरांचा खण

शेल्फवरचं डिजिटल घड्याळ दर तासाला बारीक टीट-टीट करतं.

स्पीकरमधून काढून टाकलेल्या ट्वीटरांचा खण वर्षभरापूर्वी अर्धा रिकामा होता. आता तो नीट बंदही होत नाही.

एका गिऱ्हाइकाचं म्हणणं : "दुरुस्ती झाल्यापासून आवाज सुईसारखा टोचतो हो."

मेकॅनिकच्या मुलीच्या पर्समध्ये एक घडी घातलेली चिठ्ठी. गुरुवार, सकाळी अकरा, दवाखान्याचा दुसरा मजला.

पाटीवर दुकानाच्या नावाखाली लाल रंगात : कानाने तपासून मिळेल.

"गेलेत. दोन्ही," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने स्पीकरला लावलेला कान उचलला.

लायब्ररीतल्या बाई काउंटरपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी आणलेली जोडी वीस वर्षं जुनी, घेतली तेव्हाही स्वस्तातलीच. कोपऱ्यांवरचा लाकडी छापाचा कागद सुटलेला, ट्वीटरच्या जाळीवर गंज.

"दोन्ही? नक्की?"

"बाई, मीटर फक्त तार तुटली का ते सांगतो. आवाज कान सांगतो. लोक मला उगाच कानसेन म्हणत नाहीत." त्याने खालच्या मोठ्या भोंग्यावर टिचकी मारली. "हा अजून दणकट आहे. वरचा हा छोटा झिजलाय. झांज, टाळ्या, गाणारीचा 'स', सगळं बारीक काम याचं. ते सगळं गायब."

बाईंनी त्याच्या मुलीकडे पाहिलं. ती दुकानात त्याच्या हाताखाली काम करायची. ती सोल्डरची तार गुंडाळत होती. गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत होती.

"स्वस्तात होईल का?" बाईंनी विचारलं. "नवी जोडी नाही परवडायची."

"होईल की. मापाचे साधे ट्वीटर बाजारात मिळतात. चार स्क्रू, दोन तारा."

"बाबा," मुलगी म्हणाली, "जुना एकदा उघडून बघायचा?"

"मेलेल्याची नाडी बघत बसू?" त्याने दोन्ही काढले आणि खणात टाकले.

शनिवारी बाई आल्या. नव्या ट्वीटरवर त्याने एक गाणं लावलं.

"छान की!" बाई म्हणाल्या.

तो वाकला. आधी डाव्या बॉक्सला कान लावला, मग उजव्या. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"छान कुठलं? रजईत तोंड खुपसून गातेय ती. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"अहो, मला खरंच—"

"राहू द्या. स्वस्तातला माल तो स्वस्तातलाच. माझ्या नावावर असलं जाणार नाही."

त्याच्या घरी ट्वीटरची एक चांगली जोडी जपून ठेवलेली होती, स्वतःच्या स्पीकरसाठी. सोमवारी त्याने ती आणली. मुलीने सोल्डरचे सांधे मारले. ट्वीटरचा आवाज मवाळ करणारा छोटा रेझिस्टरही त्याने काढायला लावला. बाईंच्या स्पीकरच्या आवाजात काही कमी राहायला नको.

बाई दुपारी आल्या. गाणं सुरू झालं. बाईंचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता... भरपूर आहे."

त्याने पुन्हा कान लावला. गाणं संपेपर्यंत तो तसाच वाकून होता. मग उठला तो मुलीकडे वळूनच.

"सांधे कोणी मारले?"

"मीच, बाबा."

"वाटलंच! शिकवून शिकवून माझा घसा कोरडा पडला. हिच्या हाताला वळणच नाही, बाई. तीस वर्षांत माझ्या दुकानातून मुका स्पीकर बाहेर गेला नाही. आज पोरीने नाक कापलं."

मुलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो, तिचा काही—" बाई म्हणाल्या.

मुलीने त्यांच्याकडे बघून मान हलवली. किंचित, नाही म्हणून.

"चुकलं माझं, बाबा."

शेल्फवरच्या घड्याळाने तीनची टीट-टीट केली. बाईंनी तिकडे पाहिलं, त्याने नाही. मुलीने हात लांब करून त्याचं बटण दाबलं, मग खणाकडे वळली. वरचेच दोन गंजक्या जाळीचे ट्वीटर तिने वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बाईंच्या पिशवीत ठेवले.

"ते कशाला?" तो म्हणाला. "भंगार ते."

"त्यांचेच आहेत."

त्याने मजुरी घेतली नाही. बॉक्स रिक्षात ठेवताना बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. "दुसऱ्या कोणाला तरी दाखवा," एवढंच म्हणाला.

परत आला तेव्हा मुलगी काउंटर पुसत होती. तो स्क्रूची डबी हलवत बसला.

"तुझ्या हातात दोष नाही गं," शेवटी तो म्हणाला. "चारचौघांत बोलायला नको होतं. मीच... मला कळेना काय चुकतंय. लाज वाटली."

"असू दे, बाबा."

"पाटीवरची ती लाल ओळ पुसून टाक."

"गुरुवारनंतर बघू. गुरुवारी दुकान दुपारी उघडू या. अकराला तुम्हाला माझ्यासोबत यायचंय."

"कुठे?"

"मी आहे ना बरोबर."

एरवी त्याने दहा प्रश्न विचारले असते. आज तिला कशालाही नाही म्हणायचं तोंड त्याला नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

बाई पहिल्यांदा दुकानात आल्या, त्याच्या आदल्या रविवारी मुलीने बाईंच्या स्वयंपाकघरात बसून त्या दोन्ही जुन्या ट्वीटरमध्ये, गंजलेली जाळी तशीच ठेवून, आवाज देणारे नवे कोरे पडदे बसवले होते, आणि गाणारीचा प्रत्येक 'स' दोघींनी स्पष्ट ऐकला होता.